नुसफ्योर्ड : मच्छीमारांच्या बिऱ्हाडापासून पर्यटकांच्या मुक्कामापर्यंत

मासेमारीवर जगणारे खेडे पर्यटनावर जगू लागले म्हणजे त्याचा इतिहास संपला, असा एक समज रूढ आहे. नॉर्वेच्या उत्तरेस, ध्रुववृत्तापलीकडे असलेल्या लोफोटेन द्वीपसमूहातील नुसफ्योर्ड या लहानशा गावाच्या आधारे या समजाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

लोफोटेनच्या जीवनाचे मूळ कॉड माशाच्या स्थलांतरात आहे. बॅरेंट्स समुद्रात वाढलेला कॉड दरवर्षी जानेवारी ते एप्रिल या काळात अंडी घालण्यासाठी या बेटांजवळ येतो. याच सुमारास हवेचे तापमान शून्य अंशाच्या आसपास असते. त्यामुळे मीठ न लावता, लाकडी मांडवांवर टांगून हा मासा वाळविता येतो. अशा रीतीने वाळलेला मासा वर्षानुवर्षे टिकतो. मध्ययुगापासून बर्गेनच्या बाजारपेठेमार्गे तो युरोपभर जाई, आणि चौदाव्या शतकापासून या व्यापारावर हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांचे वर्चस्व होते.

हंगाम चार महिन्यांचा असल्यामुळे मच्छीमार बाहेरून येत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकेका हंगामात त्यांची संख्या ३०,००० च्याही वर गेली. त्यांच्या निवाऱ्यासाठी पाण्याच्या कडेला, खांबांवर उभारलेल्या लाकडी खोल्या असत. त्यांना ‘रोरबू’ म्हणतात. वल्हवीत मासेमारीस जाणाऱ्याचे बिऱ्हाड, असा या शब्दाचा अर्थ. राजा ऐस्टाइन याने बाराव्या शतकाच्या आरंभी व्होगान येथे असे निवारे बांधविले, अशी नोंद आढळते. सारांश, परक्या माणसास हंगामापुरता आसरा देणे हा या गावांचा मुळापासूनचाच व्यवसाय होता.

तथापि हा आसरा निर्हेतुक नव्हता. किनाऱ्याची जमीन, धक्का, मांडव, दुकान आणि रोरबू हे सर्व बहुधा एकाच गावमालकाच्या ताब्यात असे. त्याच्या खोलीत राहणाऱ्याने आपला मासा त्यालाच विकावा, असा दंडक होता. घेणारा एकच असल्यामुळे भावही तोच ठरवी. १८१६ च्या कायद्याने तर गावासमोरील समुद्रावरही या मालकांना अधिकार दिला. १८५७ च्या कायद्याने समुद्र सर्वांस मोकळा केला व देखरेख शासनाकडे आली. परंतु जमीन मालकांकडेच राहिली. १८९० मध्ये ट्रोलफ्योर्डच्या मुखाशी वाफेच्या बोटींनी माशांचा थवा अडवून धरला, तेव्हा उघड्या नावांतील मच्छीमारांनी त्यांच्यावर चाल केली. अखेर १९३८ मध्ये मच्छीमारांच्या विक्रीसंघास किमान भाव ठरविण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला आणि गावमालकीचा आर्थिक कणा मोडला.

महायुद्धोत्तर काळात झोपण्याची सोय असलेल्या मोठ्या नौका आल्या. मच्छीमार नौकेवरच राहू लागले व रोरबू ओस पडले. साधारणतः १९६० नंतर त्याच खोल्या उन्हाळी प्रवाशांना भाड्याने देण्याची प्रथा रुळली. १९७५ या युरोपीय वास्तुवारसा वर्षात नॉर्वेने निवडलेल्या तीन पथदर्शी प्रकल्पांमध्ये र्‍योरोस व जुने स्टाव्हांगर यांच्याबरोबर नुसफ्योर्डचाही समावेश होता. या गावाचे लाल-पिवळे रोरबू, दुकान आणि माशाच्या यकृतापासून तेल काढण्याचा कारखाना टिकून राहिले, याचे बरेचसे श्रेय या जतनकार्यास दिले पाहिजे. पुढे १९८९ मध्ये कॉडचा साठा घटल्यामुळे किनारी मासेमारीवर निर्बंध आले, आणि पर्यटनाच्या उत्पन्नाचे महत्त्व अधिकच वाढले. २००७ मध्ये ही बेटे बोटीच्या फेरीवाचून मुख्य भूमीशी रस्त्याने जोडली गेली. अलीकडे नुसफ्योर्डचा मोठा भाग विश्रामस्थान म्हणून एका व्यावसायिक संस्थेमार्फत चालविला जातो आणि पर्यटनाच्या हंगामात गावात शिरण्यासाठी शुल्क आकारले जाते.

या वृत्तांतावरून असे दिसते की, पाहुण्यांवर अवलंबून असणे ही नुसफ्योर्डच्या जीवनातील नवी गोष्ट नव्हे. हंगाम हिवाळ्याऐवजी उन्हाळ्याचा झाला, एवढाच फरक वरवर पाहता जाणवतो. खरा फरक निराळाच आहे. रोरबूत राहणारा मच्छीमार गावमालकाचा ऋणको असला तरी उत्पादक होता. त्याच्या श्रमावाचून मालकाचे चालत नव्हते. म्हणूनच तो संघटित होऊन कायदा बदलवू शकला. पर्यटक हा केवळ ग्राहक आहे. भाव न पटल्यास तो दुसऱ्या गावी जाईल. किनारा कोणाच्या मालकीचा असावा, या प्रश्नाशी त्याला कर्तव्य नाही. तो प्रश्न आता एकट्या रहिवाशांवर येऊन पडला आहे, आणि त्यांची संख्या थोडी आहे.

२०२५ मध्ये नॉर्वेच्या संसदेने पर्यटनाचा ताण असलेल्या स्थानिक संस्थांना मुक्कामाच्या भाड्यावर ३ टक्क्यांपर्यंत कर बसविण्याची मुभा दिली. अभ्यागतांच्या खर्चातील काही वाटा गावाकडे वळविण्याचा हा प्रयत्न १८५७ व १९३८ च्या कायद्यांच्या परंपरेतच पाहावयास हवा. अशा खेड्याचे जीवन ‘अस्सल’ उरले आहे काय, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास फारसा उपयोगी नाही. किनाऱ्यावर हक्क कोणाचा आणि हंगामाचे उत्पन्न कोणाच्या हाती जाते, हे त्याने प्रत्येक कालखंडाविषयी विचारावे. नुसफ्योर्डच्या बाबतीत तरी इमारती टिकविण्याचा प्रश्न सुटला आहे. त्यांच्याभोवती माणसांची वस्ती टिकविण्याचा प्रश्न सुटावयाचा आहे.