‘अवतार’मधला पँडोरा कुठे आहे? पत्ता खरा, रहिवासी काल्पनिक

‘अवतार’मधले निळे नावी आणि नेटफ्लिक्सच्या ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’मधले सॅन-टी या दोन्ही परग्रहवासी जमातींचा पत्ता एकच आहे: अल्फा सेंटॉरी. आपल्याकडे या ताऱ्याला ‘मित्र’ म्हणतात आणि तो अहिल्यानगर जिल्ह्यातून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मग कथेतलं खरं किती आणि रचलेलं किती, ते पाहूया.

हाच तारा का?
कारण सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळचे तारे हेच. ते तीन आहेत. ए आणि बी ही जोडी ४.३७ प्रकाशवर्षं दूर आहे, तर प्रॉक्झिमा हा छोटा लाल तारा ४.२४ प्रकाशवर्षं. म्हणजे तुम्ही आत्ता अकरावीत असाल, तर आज रात्री दिसणारा मित्रचा प्रकाश तुम्ही सातवीत असताना निघालाय!

नावींचं घर
पँडोरा हा ग्रह नाही, चंद्र आहे. सिनेमात तो पॉलिफिमस या महाकाय वायुग्रहाभोवती फिरतो आणि तो ग्रह ए ताऱ्याभोवती. हे सगळं २००९ च्या सिनेमासाठी रचलेलं.

आता गंमत बघा. जेम्स वेब दुर्बिणीला ऑगस्ट २०२४ मध्ये याच ए ताऱ्याजवळ शनीएवढ्या वस्तुमानाच्या वायुग्रहाची खूण दिसली. फेब्रुवारी आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा पाहिलं, तेव्हा ती दिसली नाही. ग्रह ताऱ्याच्या फार जवळ सरकला असेल, किंवा तिथे ग्रह नसेलही. ऑगस्ट २०२५ मध्ये हे जाहीर झालं तेही ‘संभाव्य ग्रह’ म्हणूनच. त्यामुळे ‘नासाला पँडोरा सापडला’ असा फॉरवर्ड आला, तर पुढे ढकलू नका.

सॅन-टींचं घर
चिनी लेखक लिऊ त्सीशिन यांच्या कादंबरीत या ग्रहावर तीन सूर्य आहेत आणि ते कधी, कुठून उगवतील याचा नेम नाही. वाईट काळ आला की तिथले जीव अंगातलं पाणी काढून टाकतात आणि वाळवणासारखे गुंडाळून ठेवले जातात.

यामागचं गणित खरं आहे. सारख्या वजनाचे तीन गोळे घेऊन पायथनमध्ये सिम्युलेशन चालवा. सुरुवातीच्या आकड्यात दशांशचिन्हानंतर दहाव्या घरात फरक केला, तरी बऱ्याचदा काही वेळाने मार्ग पार वेगळे होतात. पण खऱ्या मित्रकडे असा गोंधळ नाही. ए आणि बी साधारण ८० वर्षांत एकमेकांभोवती फेरी मारतात. प्रॉक्झिमा त्यांच्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १३ हजार पट लांब आहे, त्यामुळे जोडीत ढवळाढवळ करत नाही.

तिथे पक्कं काय आहे?
२०१६ मध्ये सापडलेला प्रॉक्झिमा बी. वस्तुमान किमान पृथ्वीएवढं, वर्ष फक्त ११.२ दिवसांचं. तिथे जीव असल्याचा कोणताही पुरावा नाही. आणि जायचं म्हटलं, तर व्हॉयेजर-१ च्या वेगाने सुमारे ७५ हजार वर्षं लागतील. ‘अवतार’मधलं यान मात्र सहा वर्षांच्या आत पोचतं!

स्वतः बघा
मेच्या शेवटी, रात्री साडेदहाच्या सुमारास, ढग नसतील तर दक्षिणेला बघा. मित्र क्षितिजापासून जेमतेम १० अंश वर असतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा. त्याच्या उजवीकडचा तेजस्वी तारा मित्रक. याच सुमारास आपण काजवे बघायला भंडारदऱ्याला जातो, पण तिथे डोंगर आड येऊ शकतात. दक्षिण मोकळी असलेला श्रीगोंदा, कर्जतकडचा माळ बरा. फोनवर स्टेलॅरियम ॲप असेल तर त्यात ‘रिजिल केंटॉरस’ शोधा. दिशा चुकत असेल तर फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा, होकायंत्र जागेवर येतं.

नुसत्या डोळ्यांना ए आणि बी मिळून एकच ठिपका दिसेल, प्रॉक्झिमा दिसणार नाही. नावी आणि सॅन-टी कुणीतरी कल्पनेने वसवलेत, पण ज्या ठिपक्यावर वसवलेत तो खरा आहे.