लोहगाव: धावपट्टी कुणाची, गाव कुणाचं?

आमच्या बारामती-इंदापूरकडच्या माणसाला विमानाने दिल्ली गाठायची असेल, तर तो पुण्याच्या लोहगावला जातो. विमान उतरताना सूचना होते, हा संरक्षण दलाचा तळ आहे, फोटो काढू नका. अनेकांना वाटतं, शहराच्या विमानतळात लष्कर शिरलंय. इतिहास नेमका उलटा आहे.

1939 मध्ये ब्रिटिशांनी मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी लोहगावला तळ उभारला. दुसऱ्या महायुद्धात इथे मॉस्किटो विमानं होती. 1947 च्या मे महिन्यात, स्वातंत्र्याच्या तोंडावर, तळ भारतीय हवाई दलाकडे आला. 1997 मध्ये देशातली पहिली सुखोई-30 इथेच दाखल झाली. 2006 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम वयाच्या 74 व्या वर्षी इथूनच सुखोईत बसले. 2009 मध्ये प्रतिभाताई पाटीलही.

म्हणजे धावपट्टी हवाई दलाची, नागरी विमानतळ तिथला पाहुणा. घरमालकाने डागडुजी काढली की पाहुण्याने गप्प बसायचं. ऑक्टोबर 2021 मध्ये धावपट्टीच्या कामासाठी 16 ते 29 तारखेपर्यंत प्रवासी विमानं बंद होती. पुण्याला वेगळा विमानतळ हवा, ही मागणी इथूनच येते.

पण मी भाषा शिकवतो, त्यामुळे माझं लक्ष आधी नावाकडे जातं. लोहगाव हे संत तुकारामांचं आजोळ. त्यांची पालखी देहूहून निघाल्यावर पहिला विसावा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी घेते आणि पुढे आमच्या बारामती-इंदापुरात मुक्कामाला येते. 2024 मध्ये विमानतळाला तुकोबांचं नाव देण्याचा ठराव राज्याने केला. आनंदच आहे. पण धावपट्टीच्या आधी तिथे शिवार होतं, हे किती प्रवाशांच्या ध्यानात येतं?

आता नवा विमानतळ पुरंदर तालुक्यात योजला आहे. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी ही सात गावं त्यात येतात. खानवडी म्हणजे जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं गाव. सुरुवातीला अनेक शेतकरी जमीन द्यायला तयार नव्हते. 2025 मध्ये ते रस्त्यावरही उतरले.

विमानतळ नको, असं माझं म्हणणं नाही. आपल्या मुलांनाही विमानं हवीतच. पण पुण्याचा पाहुणचार संपवताना या सात गावांना आपल्याच शिवारात पाहुणं व्हावं लागू नये. उद्या तिथे पाटी लागेल एका थोर माणसाच्या नावाची. त्याआधी या सात नावांची मोजदाद आणि त्यांचा हिशेब चोख झाला पाहिजे.