ठिणगीची शिदोरी

पेट्रोलवर उडालेले पहिले विमान कोणाचे, असे विचारले तर आपण सगळे राइट बंधूंचे नाव घेऊ. माणसाला घेऊन उडालेले म्हणाल तर ते बरोबरच आहे. पण त्याच्या दोन वर्षे आधी, जून १९०१ मध्ये, अमेरिकेत सॅम्युअल लँगली या शास्त्रज्ञाने पेट्रोलच्या इंजिनावर एक विमान उडवले होते. त्यात माणूस नव्हता, बसायला जागाही नव्हती. मोठ्या विमानाच्या पाव आकाराचे ते मॉडेल होते. पुढे लँगलीचे मोठे विमान १९०३ मध्ये दोनदा पोटोमॅक नदीत कोसळले. दुसऱ्यांदा कोसळले त्यानंतर नवव्या दिवशी राइट बंधू उडाले. म्हणजे या घराण्यात धाकटे भावंडच आधी चालायला लागले.

या धाकट्या भावंडाची, म्हणजे मॉडेल विमानांची, एक अडचण पहिल्यापासून आहे. अडचण ठिणगीची. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आपण होऊन पेटत नाही. नेमक्या क्षणी प्लगच्या टोकाशी ठिणगी पडावी लागते. टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्या घेत असेल, तर एका सेकंदात शंभराहून जास्त ठिणग्या. प्रत्येकीला हजारो व्होल्ट हवेत. ही वीज आणायची कुठून, आणि तिचे वजन वाहायचे कोणी?

आपल्याकडे याची दोन्ही उत्तरे रस्त्यावर उभी असत. जुन्या बजाज स्कूटरला ठिणगीसाठी बॅटरी लागत नसे. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकातले चुंबक वीज तयार करी. तो मॅग्नेटो. बुलेटचे मात्र बॅटरी आणि कॉईलवर चाले. बॅटरी उतरली की बुलेट रुसे आणि मालक अँपिअरच्या काट्याकडे बघत बसे. गॅरेजमध्ये पॉलिश पेपरने पॉइंट घासणारा, प्लग काढून इंजिनाला टेकवणारा आणि किक मारून ‘करंट येतोय’ म्हणणारा मिस्त्री माझ्या पिढीने पाहिला आहे. मॉडेल विमानांचा सगळा इतिहास म्हणजे या बजाज आणि बुलेट यांच्यातली ओढाताण आहे, असे मी म्हटले तर जाणकारांनी रागावू नये.

राइट बंधूंनी काय केले? त्यांच्या १९०३ च्या इंजिनावर मॅग्नेटो होता. पण इंजिन सुरू करताना लागणारी कोरड्या सेलची बॅटरी आणि कॉईल त्यांनी जमिनीवर ठेवली. इंजिन एकदा चालू लागले की तिची वायर काढून टाकायची. चढणाऱ्याने शिदोरी घरीच ठेवावी, तशी ही युक्ती. ती पुढे वेगळ्या रूपात परत आली, ते येईलच.

मॉडेलवाल्यांचे खरे युग १९३० नंतरचे. फिलाडेल्फियाच्या बिल ब्राउन या तरुणाने सुमारे दहा सीसीचे छोटे पेट्रोल इंजिन बनवले. त्याचा मित्र मॅक्सवेल बॅसेट याने १९३३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ते विमानाला लावून रबराच्या पिळावर उडणाऱ्या विमानांना असे मागे टाकले की पेट्रोलवाल्यांचा गटच वेगळा करावा लागला. १९३४ मध्ये त्याचे एक विमान अडीच तासांहून अधिक काळ हवेत राहिले. पण पोटात काय काय होते बघा: कॉईल, कंडेन्सर, सेल. इंजिन हातात मावेल एवढे आणि त्याला पेटवायचा सरंजाम मात्र त्याच्याइतकाच जड. त्यामुळे इथेही सुरू करताना मोठी बॅटरी जमिनीवरून जोडायची आणि विमानात फक्त उड्डाणापुरते लहान सेल. स्पर्धेत इंजिन ठरावीक सेकंदच चालू द्यायचे असे; तेवढा वेळ झाला की छोटे घड्याळ ठिणगीची वायर तोडी आणि विमान मुकाट्याने तरंगू लागे. ठिणगी बंद करता येणे ही ठिणगी पाडण्याइतकीच मोलाची गोष्ट आहे, हे तेव्हाच कळले होते.

मग यात रेडिओ आला. १९३७ मध्ये मिशिगनमधल्या कॅलामाझू इथे वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचे विमान रेडिओने चालवले. ते आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. आणि इथे एक गंमत आहे, आकाशवाणीच्या श्रोत्यांना ती विशेष कळेल. ठिणगी ही स्वतःच एक रेडिओ स्टेशन आहे. हर्ट्झने रेडिओलहरी पहिल्यांदा निर्माण केल्या त्या ठिणगीनेच; मार्कोनीची सुरुवातीची केंद्रे ठिणगीवरच चालत. जवळून स्कूटर गेली की रेडिओत खरखर येई, ती हीच. आता विचार करा, वीतभर अंतरावर एक ठिणगी सेकंदाला शंभर वेळा ओरडते आहे आणि शेजारी बसलेल्या रिसीव्हरने जमिनीवरच्या मालकाचा बारीक आवाज ऐकायचा आहे. घरात सतत भांडण चालू असताना दारावरची थाप ऐकू यावी, तसे.

१९४७ मध्ये रे आर्डेन यांचा ग्लो प्लग बाजारात आला आणि भांडणच मिटले. प्लॅटिनमची बारीक तार, इंधनात मिथेनॉल. तार तापवायला दीड व्होल्टचा एक सेल पुरे, तोही जमिनीवरचा. इंजिन सुरू झाले की स्फोटांची उष्णता आणि मिथेनॉलशी प्लॅटिनमची असलेली मैत्री तार लाल ठेवते. सेल काढून घ्या. राइट बंधूंची युक्ती अशी परत आली. कॉईल गेली, कंडेन्सर गेला, खरखर गेली.

ठिणगी संपली असेच वाटले असेल. पण विमाने मोठी होऊ लागली. दोन-तीन मीटर पंखांची विमाने आली, तेव्हा मिथेनॉलचा खर्च आणि खादाडपणा परवडेना. लोकांनी झाडे तोडायच्या करवतीची, गवत कापायच्या यंत्राची पेट्रोल इंजिने विमानांना लावली. त्यांच्यावर मॅग्नेटो होताच. बॅटरी नको, पण जड चाक पदरी आले, आणि हाताने पंखा फिरवून सुरू करणे कठीण. मॅग्नेटोला वेग मिळाल्याशिवाय ठिणगी पडत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सने यातून वाट काढली. पंख्याच्या बुडाशी एक चुंबक, समोर त्याची चाहूल घेणारा सेन्सर. बॅटरीची पाच-सहा व्होल्टची वीज वाढवून कंडेन्सरमध्ये साठवायची आणि इशारा मिळताच कॉईलमधून सोडायची. वेगाप्रमाणे ठिणगीची वेळ मागेपुढे होते. हाताने फिरवले तरी इंजिन पेट घेते. चाक गेले, बॅटरी परत आली. म्हणजे पुन्हा बुलेट.

मग वाद सुरू झाला, एक बॅटरी की दोन? जुने लोक दोनांवर ठाम. त्यांचा तर्क मला पटतो. ठिणगीची बॅटरी संपली तर इंजिन थांबेल, विमान तरंगत खाली आणता येईल. रिसीव्हरची संपली तर मोठ्या पंख्याचे ते धूड कोणाचेच ऐकणार नाही. खाली माणसे असतात. म्हणून एकाची भूक दुसऱ्याच्या ताटात नको, आणि दोघांच्या वायरही दूर. पुढे प्लगची टोपी आणि वायर धातूच्या जाळीत गुंडाळल्या, २००५ च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आले आणि खरखरीची भीती पुष्कळ कमी झाली. तेव्हा गाळणी लावून एकाच बॅटरीवर दोघांना जेवू घालणारी उपकरणेही चालू लागली. शिवाय प्रकाशाच्या आधारे चालणारा स्विच आला: रिसीव्हर आणि ठिणगी यांच्यात वायरचा संबंधच नाही, फक्त उजेडाचा. संपर्क तुटला तर हा स्विच ठिणगी बंद करतो.

ऑगस्ट २००३ मध्ये मेनार्ड हिल या सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाने असेच एक विमान अटलांटिकवर सोडले. त्यांना तेव्हा जवळजवळ दिसत नव्हते, ऐकूही फारसे येत नव्हते. बाल्सा लाकडाचे विमान, इंधनासह वजन पाच किलोंच्या आत. इंजिन मूळचे ग्लो प्लगचे, पण मिथेनॉलवर एवढा पल्ला गाठता येत नाही, म्हणून हिल यांनी त्याला पुन्हा ठिणगी बसवली आणि कंदिलाचे इंधन पाजले. आधीचे प्रयत्न फसले होते. विमान न्यू फाउंडलंडच्या केप स्पिअरवरून निघाले. तिथून जवळच, सेंट जॉन्सला, मार्कोनीने १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडून आलेला ठिणगीचा इशारा ऐकला होता. सुमारे एकोणचाळीस तास ते एकटे उडत राहिले. मग आयर्लंडमध्ये क्लिफडेनजवळच्या किनाऱ्यावर एका सहकाऱ्याने ते रेडिओने खाली उतरवले. टाकीत अगदी थोडे इंधन उरले होते. त्याच परिसरात १९०७ पासून मार्कोनीचे ठिणगीचे केंद्र अटलांटिकपार बोलत असे, आणि १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राउन अटलांटिक ओलांडून त्याच्याजवळच्या दलदलीत उतरले होते.