पाटकऱ्याचा पगार कोण देणार?

चारचौघांची एखादी गोष्ट चालवायची तर कामं हौसेने फुकट करावीत की पैसे देऊन माणूस ठेवावा, हा वाद तसा जुनाच. सोसायटी घ्या, वाचनालय घ्या, गणेश मंडळ घ्या... एक गट म्हणतो, पैसा आला की आपलेपणा गेला. दुसरा म्हणतो, फुकटचं काम दोन वर्षं टिकतं, तिसऱ्या वर्षी कोणी फिरकत नाही. दोघांकडे आपापले दाखले तयार असतात. मला मात्र या वादाचं सगळ्यात नीट उत्तर धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठी सापडतं. तिथली फड बागायत. आज त्याबद्दल थोडं.

पांझरा साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या पश्चिमेला डोंगरात उगम पावते, धुळे शहरावरून पुढे जाते आणि तापीला मिळते. या नदीवर आणि शेजारच्या बागलाणातल्या मोसम, आरम या नद्यांवर गेली तीन-चारशे वर्षं लहान लहान बंधारे आहेत. बंधारा नदीत आडवा. त्यातून निघणारा कालवा दोन ते बारा किलोमीटरचा. कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात पाणी. ही झाली स्थापत्याची बाजू, आणि ती तशी साधीच आहे. खरी गंमत आहे ती कारभारात.

भिजणाऱ्या जमिनीचे सहसा चार भाग करत, त्यांना म्हणायचं फड. एक फड दहा हेक्टरपासून दोनशे हेक्टरपर्यंत कितीही असू शकतो. एका फडात एकच पीक. एखाद्या फडात ऊस, दुसऱ्यात हंगामी पीक, एखादा पडीक, आणि दरवर्षी अदलाबदल. "माझ्या तुकड्यात मला वाटेल ते लावीन" हे चालायचं नाही. फायदा असा की अख्ख्या फडाला पाणी एकाच वेळी लागतं, मोजमाप सोपं होतं, आणि जमीन पाणथळ किंवा खारवट होण्याचा धोकाही कमी होतो.

आता हे सगळं चालवायचं कोणी? इथे तीन प्रकारची कामं होती आणि तिन्हींचा हिशेब वेगवेगळा होता.

पहिलं काम निर्णयाचं. यंदा कुठला फड भिजवायचा, ऊस कुठे, पाणी कमी आलं तर कोणाचं तोडायचं, भांडण झालं तर दंड किती. हे पंच ठरवायचे. पंच म्हणजे बागायतदारांपैकीच मंडळी. याला पगार नव्हता.

दुसरं काम वर्षातून एकदाचं. कालव्यातला गाळ काढणं, बंधाऱ्याची डागडुजी. हे सगळ्यांनी मिळून करायचं, ज्याची जमीन जास्त त्याचा वाटा जास्त. याला हौसेचं काम म्हणता येणार नाही, कारण टाळायची मुभा नव्हती. पण मजुरीही नव्हती.

तिसरं काम रोजचं, आणि तेच सगळ्यात कटकटीचं. रात्री-अपरात्री पाटावर फिरणं, एका चारीचं तोंड बंद करून दुसरीचं उघडणं, उभ्या पिकाची राखण. यासाठी माणसं ठेवलेली असत. पाणी देणारा पाटकरी, पीक राखणारा जागल्या आणि त्यांच्यावर देखरेख करणारा हवालदार. यांना मोबदला मिळायचा, बहुतेक धान्याच्या रूपात, आणि तो बागायतदारांकडूनच.

यातली एक बारीक गोष्ट बघा. शेतकऱ्याने स्वतःच्या शेताला स्वतः पाणी घ्यायचं नाही, पाटकऱ्यानेच द्यायचं, असा रिवाज होता. म्हणजे रोजच्या कामाला पगारी माणूस ठेवला तो फक्त कंटाळा येतो म्हणून नव्हे. पाणी वाटणारा माणूस स्वतः पाण्याचा गिऱ्हाईक असेल तर त्याच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून. आणि निर्णय करणाऱ्याला पगार नाही, कारण त्याला त्याच पाटाचं पाणी मिळतंय, तोच त्याचा मोबदला. उलट पाटकऱ्याचा मोबदला पिकातून. शेवटच्या शेतात पाणी पोचलंच नाही तर तिथून मिळणार काय? लेखी करारापेक्षा हा लगाम जास्त पक्का, असं मला वाटतं.

इथवर वाचून "अहाहा, काय ते जुने दिवस" असं कोणाला वाटत असेल तर जरा थांबा. पंच कोण? बागायतदार. ज्याच्याकडे जमीन नाही त्याचा या सभेत आवाज नाही. आणि धान्याच्या रूपात मोबदला हा प्रकार गावगाड्यातल्या बलुत्याच्या जवळचा. देणाऱ्याची मर्जी, घेणाऱ्याची लाचारी. काम किती याला मोजमाप नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाबद्दलचं विधेयक मांडलं, त्यामागे हीच चीड होती. बलुत्याऐवजी पैशात मोबदला मिळावा आणि कामं कोणती ते ठरलेलं असावं, ही मागणी त्यात होती. ती वतनं शेवटी १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्या कामाला सेवा म्हणणं ही निव्वळ थट्टा आहे. तेव्हा रोख, ठरलेला पगार ही वाईट गोष्ट मुळीच नाही.

मग बिघडलं कुठे? इंग्रजांनी १८१८ साली खानदेश घेतला. पुढे १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने कालवे ही सरकारी खात्याची बाब झाली. गिरणेवर जामद्याच्या बंधाऱ्यातून निघणारे कालवे, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातले, हे असे सरकारी कारभाराचे. सरकारी कालव्यावर पाणी सोडणाऱ्या माणसालाही लोक पाटकरीच म्हणतात. शब्द तोच, काम तेच, पगार रोखीत आणि वेळेवर. फक्त पगार देणारा बदलला. शेवटच्या शेतात पाणी पोचलं काय न पोचलं काय, पगारात फरक नाही, आणि शेतकऱ्याने तक्रार करायची तर ती खात्याकडे. इकडे फडांवरही वरच्या बाजूला धरणं झाली, विहिरी आणि विजेचे पंप आले. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला पाटाचा गाळ काढायला जायची गरज उरली नाही. काही ठिकाणी फड अजून चालतात, पण पूर्वीचा जोर नाही.

हेच दुखणं आमच्या संगणकाच्या धंद्यातही दिसतं. डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली प्रणाली. २००६ साली नवी आवृत्ती वेळेवर यावी म्हणून काही जणांनी 'डंक-टँक' नावाने पैसे उभे करून प्रकाशनाचं काम बघणाऱ्या दोघांना मानधन द्यायचं ठरवलं. झालं! "आम्ही काय मग फुकटे?" म्हणत काही स्वयंसेवकांनी हात आखडते घेतले. आवृत्ती डिसेंबर २००६ मध्ये यायची होती, ती एप्रिल २००७ मध्ये आली. उशिराचं सगळं खापर यावर फोडता येणार नाही. पण पगारी काम कुठलं आणि बिनपगारी कुठलं याची रेघ आधी सगळ्यांनी मिळून आखलेली नव्हती, हे खरं. पांझरेकाठी ती होती.

महाराष्ट्राने २००५ साली कायदा करून सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे द्यायचं ठरवलं. पाणी मोजून घ्यायचं आणि वाटप आपण करायचं. कारभारी मंडळात कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या, तिन्ही भागांतली माणसं. कल्पना उत्तमच. नाशिक जिल्ह्यात बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्रातर्फे ओझरला अशा संस्था त्याआधीच, नव्वदच्या दशकात उभ्या केल्या होत्या. पण अशी माणसं प्रत्येक कालव्यावर कुठून आणायची? संस्था कागदावर होते, अध्यक्ष उत्साही असतो, आणि रात्री दोन वाजता चारी कोण बंद करणार हा प्रश्न तसाच राहतो. तो उत्साहाने सुटत नाही. त्याला पाटकरी लागतो, त्याला नीट पगार लागतो, आणि तो पगार पाणी घेणाऱ्यांच्या वर्गणीतून निघावा लागतो. नाहीतर पुन्हा खात्याच्या तोंडाकडे बघणं आलं.

थोडक्यात काय, तर "फुकट की पगारी" हा प्रश्नच अर्धवट आहे. ठरवण्याचं काम कोणाचं, सगळ्यांनी मिळून करायचं कुठलं, रोजचं कोणाच्या अंगावर, आणि त्या रोजच्या कामाचे पैसे नेमके कोणाच्या खिशातून येणार? पुढच्या वेळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीला मानधन द्यावं का यावर दोन तास वाद झाला, तर हे चार प्रश्न विचारून बघा. वाद मिटेलच असं नाही, पण निदान मुद्द्यावर तरी येईल :)