ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील लघुव्यवसायांची प्रसिद्धी आणि जनसंपर्क

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या मुंबईलगतच्या शहरांमधील किराणा व कापड दुकाने, उपाहारगृहे, पोळी-भाजी केंद्रे, खासगी शिकवण्या, दवाखाने आणि घरगुती उद्योग ग्राहकांपर्यंत पोहोचण्यासाठी ज्या पद्धती वापरतात, त्यांचा विचार या विषयात केला जातो. पैसे मोजून घेतलेली जागा किंवा वेळ म्हणजे जाहिरात. पैसे न देता मिळालेली बातमी, शिफारस व नावलौकिक म्हणजे प्रसिद्धी, आणि ग्राहक, शेजारी, पुरवठादार व स्थानिक संस्था यांच्याशी दीर्घकाळ जपलेले संबंध म्हणजे जनसंपर्क. मोठ्या कंपन्यांमध्ये या तीन गोष्टींसाठी स्वतंत्र विभाग असतात. लहान दुकानात हे सारे काम गल्ल्यावर बसलेली एकच व्यक्ती करते आणि बहुधा त्याला यांपैकी कोणतेही नाव देत नाही.

'लघु' या शब्दाचा कायद्यातील अर्थ बराच व्यापक आहे. केंद्र सरकारच्या १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या निकषांनुसार अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक व दहा कोटी रुपयांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेला उद्योगही 'सूक्ष्म' ठरतो. वर उल्लेखिलेले बहुतेक व्यवसाय या मर्यादेच्याही बरेच खाली असतात.

पार्श्वभूमी

भारतातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली आणि पुढच्या वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. या शहरांची पुढील वाढ मुख्यतः लोहमार्गाच्या आधाराने झाली. ठाणे महानगरपालिका १९८२ साली, तर कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ साली स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२.५ लाख होती.

येथील नोकरदारांचा मोठा वर्ग सकाळी लोकलने मुंबईकडे जातो आणि रात्री परततो. त्यामुळे दुकानदाराला ग्राहक दिसतो तो दोन घाईच्या वेळांत, आणि खऱ्या अर्थाने निवांत मिळतो तो रविवारी. स्थानकालगतच्या बाजारपेठांना म्हणूनच आगळे महत्त्व आहे. ठाण्यातील जांभळी नाका, गोखले मार्ग व राम मारुती मार्ग, डोंबिवलीतील फडके मार्ग आणि कल्याणमधील शिवाजी चौक परिसर ही त्याची उदाहरणे. स्थानकातून घरी जाण्याच्या वाटेवर असलेले दुकान हीच एक मोठी जाहिरात ठरते. आतल्या गल्लीतील दुकानाला मात्र आपण तेथे आहोत एवढे सांगण्यासाठीही खर्च करावा लागतो. लोहमार्गामुळे शहराचे 'पूर्व' आणि 'पश्चिम' असे दोन भाग पडतात. पूर्वेकडील ग्राहक किरकोळ खरेदीसाठी सहसा पूल ओलांडून पश्चिमेस जात नाही. संपूर्ण शहरभर केलेल्या प्रसिद्धीचा बराचसा भाग यामुळे वाया जातो.

तोंडी प्रसिद्धी आणि दुकानाचे नाव

या परिसरातील सर्वाधिक ख्यातनाम व्यवसायांपैकी काहींची नावे जाहिरातीतून नव्हे, तर ग्राहकांच्या बोलण्यातून रुळली. ठाणे स्थानकाजवळील तहसील कचेरीलगतच्या उपाहारगृहाची मिसळ 'मामलेदार मिसळ' म्हणून ओळखली जाते. मामलेदार हे तहसीलदाराचे जुने पदनाम. कचेरीत कामासाठी येणाऱ्यांनी पत्ता सांगताना जे म्हटले तेच पुढे नाव झाले. कल्याणमधील 'खिडकी वडा' याची कथाही अशीच आहे. घराच्या खिडकीतून वडे विकले जात, म्हणून गिऱ्हाइकांनी हे नाव दिले आणि व्यवसायाने ते स्वीकारले.

अशा नावांत पत्ता, पदार्थ आणि आठवण एकत्र येतात. कोणत्याही जाहिरात संस्थेला हे सहज जमत नाही. पण लोकांनी दिलेले नाव कोणीही उचलू शकतो, हा त्यातील धोका आहे. गाजलेल्या नावाशी मिळतेजुळते फलक काही काळात इतरत्र दिसू लागतात आणि मूळ व्यवसायाची पत त्यांच्या दर्जावर अवलंबून राहते. यावरील उपाय म्हणजे व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ खालील नोंदणी. ती दहा वर्षांसाठी असते व पुढे वाढवता येते. व्यक्ती व लघुउद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गास ४,५०० रुपये, म्हणजे इतरांच्या निम्मे आहे. एका मोठ्या फ्लेक्स फलकाच्या खर्चाशी तुलना करता ही रक्कम फार नाही. तरीही अनेक व्यावसायिक नक्कल झाल्यानंतरच या मार्गाकडे वळतात.

लहान स्वरूपात सुरू होऊन प्रसिद्धीच्या बळावर देशभर पोहोचलेल्या उद्योगांमध्ये विको लॅबोरेटरीज या कंपनीचे उदाहरण दिले जाते. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईत तिची स्थापना केली. आरंभी दंतमंजन घरोघर जाऊन विकले जाई. पुढे चित्रपटगृहांतील जाहिराती आणि १९८४ साली दूरदर्शनवरील 'ये जो है जिंदगी' या मालिकेचे प्रायोजकत्व यांमुळे हे नाव घराघरांत पोहोचले. कंपनीचा एक कारखाना डोंबिवलीत आहे. दारोदारच्या विक्रीत ग्राहकाचे आक्षेप विक्रेत्याला थेट ऐकावे लागतात, आणि जनसंपर्काची ती पहिली पायरी ठरते.

छापील साधने

ठाण्यातील वृत्तपत्रांची परंपरा १८६६ साली निघालेल्या 'अरुणोदय' या साप्ताहिकापर्यंत मागे जाते. नरेंद्र बल्लाळ यांनी १९७५ साली सुरू केलेले 'ठाणेवैभव' हे येथील प्रमुख स्थानिक दैनिक होय. मुंबईच्या मोठ्या मराठी दैनिकांच्या ठाणे पुरवण्यांनी पुढे या क्षेत्रात प्रवेश केला. छोट्या जाहिराती, वर्धापनदिनाचे विशेषांक आणि दिवाळी अंक यांतून लघुव्यवसायांना तुलनेने स्वस्त जागा मिळते.

तथापि सर्वांत जास्त वापरले गेलेले छापील साधन म्हणजे पत्रक. पहाटे वृत्तपत्रांचे गठ्ठे उतरतात, विक्रेते त्यांची विभागवार वाटणी करतात आणि त्याच वेळी ही पत्रके अंकांत घातली जातात. अमुक सोसायट्यांतच पत्रक जावे, असे विक्रेत्याला सांगता येते. परिसराची निवड करण्याची ही सोय मोठ्या दैनिकातील जाहिरातीत नसते. मात्र पत्रके खरोखर वाटली गेली की नाही, हे तपासणे कठीण असते. पत्रक दाखविल्यास सवलत देण्याची जुनी युक्ती याच कारणाने उपयुक्त ठरते. त्यामुळे ग्राहक तर येतोच, शिवाय तो कोणत्या भागातून आला हेही कळते.

गणेशोत्सव मंडळे, शाळा आणि नाट्यसंस्था यांच्या स्मरणिकांतील जाहिराती हा वेगळाच प्रकार आहे. त्या वाचून ग्राहक आल्याचे उदाहरण दुर्मीळच. मजकूर बहुधा 'हार्दिक शुभेच्छा' एवढाच असतो. दुकानदार ती रक्कम वर्गणी समजून देतो, आणि परिसरातील स्नेह टिकविणे हा तिचा खरा उपयोग असतो. जमाखर्चात ती जाहिरातीखाली पडत असली, तरी स्वरूपाने हा खर्च जनसंपर्काचाच असतो.

उत्सव

डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली. ही प्रथा नंतर ठाणे, कल्याण, गिरगाव आणि राज्यातील अन्य शहरांत पसरली. दिवाळीच्या पहिल्या पहाटे फडके मार्गावर तरुणाईची गर्दी होण्याची रीतही डोंबिवलीची ओळख बनली आहे. अशा प्रसंगी मार्गावरील दुकानदार सरबत किंवा पाणी वाटतात, रांगोळी काढतात, दुकाने लवकर उघडतात. दहीहंडीसारख्या मोठ्या आयोजनांत मात्र फलकांवरील जागा राजकीय नेते आणि बडे प्रायोजक यांनीच व्यापलेली असते. छोट्या दुकानाचे नाव तेथे टाकले तरी नजरेस पडत नाही.

फलकांचा प्रश्न

पूर्वी दुकानांच्या पाट्या पेंटर हाताने रंगवीत. डिजिटल छपाईचा फ्लेक्स आल्यावर फलक काही तासांत व अल्प खर्चात तयार होऊ लागला, आणि चौक, विजेचे खांब, पूल यांवर त्यांची गर्दी झाली. महानगरपालिका हद्दीत जाहिरात फलक लावण्यासाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २४४ व २४५ नुसार आयुक्तांची परवानगी लागते. याखेरीज महाराष्ट्र मालमत्ता विरूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी निकाल देऊन बेकायदा फलकांविरुद्ध कारवाईसाठी व नागरिकांच्या तक्रारींसाठी यंत्रणा उभारण्याचे आदेश राज्यातील नागरी संस्थांना दिले.

१३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात घाटकोपर येथील महाकाय फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कल्याणच्या सहजानंद चौकातील फलक कोसळून वाहनांचे नुकसान झाले. या घटनांनंतर फलकांच्या संरचनेची तपासणी हा सार्वजनिक सुरक्षेचा विषय बनला. दोन्ही ठिकाणचे फलक मोठे होते, कोपऱ्यावरच्या दुकानदाराचे नव्हते. परंतु खांबाला दोरीने बांधलेला विनापरवाना फलकही वाऱ्यात दुचाकीस्वारावर पडू शकतो, आणि त्यावर दुकानाचे नाव व दूरध्वनी क्रमांक ठळकपणे छापलेला असल्याने जबाबदार कोण हे शोधायला वेळ लागत नाही.

दुकानाच्या स्वतःच्या पाटीलाही नियम आहेत. २०२२ मधील दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही मराठी देवनागरी लिपीतील नामफलक बंधनकारक झाला, आणि मराठी अक्षरांचा आकार अन्य लिपींपेक्षा लहान असू नये अशी अट घालण्यात आली. व्यापारी संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली.

जाहिरातीतील दावे

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत, तर पुन्हा तसे केल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. व्यवसाय लहान आहे म्हणून सूट नाही. या शहरांत हा प्रश्न सर्वाधिक उठून दिसतो तो खासगी शिकवण्यांच्या बाबतीत. दहावी-बारावीचे निकाल लागताच गुणवंतांची छायाचित्रे रिक्षांच्या पाठीमागे व चौकाचौकांत झळकतात. कधी एकाच विद्यार्थ्याचे छायाचित्र दोन वेगवेगळ्या शिकवण्यांच्या फलकांवर असते. प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार यशस्वी विद्यार्थ्याचे नाव वा छायाचित्र वापरण्यासाठी निकालानंतर त्याची लेखी संमती घ्यावी लागते, आणि त्याने कोणता अभ्यासक्रम किती काळ घेतला हेही सांगावे लागते. ही तत्त्वे पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांना लागू आहेत. घरातील खोलीत चालणाऱ्या लहान वर्गांना ती लागू नसली, तरी खोट्या दाव्याबाबतचा मूळ कायदा त्यांनाही लागू राहतो.

दवाखान्यांची स्थिती निराळी आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार डॉक्टरांना रुग्ण मिळविण्यासाठी जाहिरात करता येत नाही. व्यवसाय सुरू करणे, पत्ता बदलणे, काही काळ अनुपस्थित असणे अशा मोजक्या कारणांसाठी वृत्तपत्रात निवेदन देता येते. मधुमेहासह अनेक विकार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपाय अधिनियमाने बंदी आहे. लोकलच्या डब्यांत चिकटवलेल्या अनेक कागदांचा मजकूर या बंदीत बसतो.

बातमी आणि परस्पर शिफारस

स्थानिक पत्रकाराकडे 'आमच्या दुकानाबद्दल छापा' अशी विनंती गेल्यास ती बहुधा जाहिरात विभागाकडे पाठविली जाते. ज्यात वाचकाला काही कळण्यासारखे आहे, अशी माहिती मात्र स्वीकारली जाते. पुराच्या काळात उघडे राहिलेले औषधांचे दुकान, नामशेष होत असलेला पदार्थ करणारे केंद्र किंवा तीन पिढ्यांचा छापखाना यांच्यात बातमी असते. नवीन शाखेच्या उद्घाटनात ती क्वचितच असते.

मराठी उद्योजकांनी एकमेकांना काम मिळवून द्यावे, या हेतूने माधवराव भिडे यांनी २००० साली 'सॅटर्डे क्लब' सुरू केला. सदस्यांच्या नियमित बैठकांत प्रत्येकाने आपला व्यवसाय थोडक्यात मांडायचा आणि इतरांसाठी ग्राहक सुचवायचे, अशी अशा गटांची कार्यपद्धती असते. छपाई, अंतर्गत सजावट, लेखापरीक्षण यांसारख्या सेवांना याचा लाभ होतो. भाजीवाल्याला किंवा वडापाव विक्रेत्याला होत नाही, कारण त्यांचा ग्राहक रस्त्यावरून येतो.

मोबाइलवरील प्रसिद्धी

घोडबंदर मार्ग आणि कल्याण-शीळ मार्गावरील मोठ्या गृहसंकुलांत पत्रके वाटणाऱ्यांना प्रवेश मिळत नाही. तेथील रहिवाशांचे व्हॉट्सॲप गट हीच नवी बाजारपेठ आहे. घरगुती फराळ, डबे, शिवणकाम यांच्या मागण्या तेथे नोंदविल्या जातात. गटातील एका रहिवाशाने केलेली स्तुती दहा फलकांहून मोलाची असते. त्याच गटात पडलेली तक्रारही तितक्याच वेगाने सर्वांपर्यंत जाते. गूगल नकाशावरील दुकानाची नोंद विनामूल्य असते आणि तिच्यातील चुकीची वेळ किंवा बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक यांमुळे आलेला ग्राहक परत जातो. घाऊक लघुसंदेश पाठविण्यासाठी मात्र दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पाठविणाऱ्याचे नाव व मजकुराचा नमुना दूरसंचार कंपनीकडे नोंदवावा लागतो.

समाजमाध्यमांवरील खाद्यसमीक्षकांना बोलावून चित्रफिती करून घेण्याची पद्धत ठाण्यातील उपाहारगृहांत रूढ झाली आहे. पैसे किंवा मोफत जेवण घेऊन केलेल्या शिफारशीत तसे स्पष्ट नमूद करणे केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३ मधील मार्गदर्शिकेनुसार आवश्यक आहे. चित्रफीत गाजल्यावर काही दिवस रांग लागते. दहा जणांच्या स्वयंपाकघरावर शंभर जणांचा भार पडतो आणि पदार्थ उशिरा मिळाल्याने रोजचे गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. त्यामुळे काही जुने व्यावसायिक अशा चित्रीकरणाला नकार देतात.