मालवण : नामरूप व व्युत्पत्ती

मालवण हे नाव ‘महालवण’ या शब्दापासून आले, असे सांगण्याचा प्रघात आहे. किनाऱ्यावर मिठागरे, म्हणून नावात लवण. हा तर्क इतका सोयीचा आहे की त्याची ध्वनिपरीक्षा करावी असे सहसा कोणास वाटत नाही. दुसरा पक्ष ‘माडबन’ या शब्दाचा. तेथील माडांच्या राया पाहणाऱ्यास तोही पटतो.

प्रथम माडबनाचा विचार करू. दोन स्वरांमधील जुन्या एकेरी ‘ड’चा मराठीत ‘ळ’ होतो : गुड–गूळ, षोडश–सोळा. त्याचा ‘ल’ होत नाही. म्हणजे अपेक्षित रूप ‘माळवण’ ठरते. शिवाय ‘माड’ हा शब्द या किनाऱ्यावर आजही जिवंत आहे, आणि उत्तरेस राजापूर तालुक्यातील माडबन हे गाव आपला ‘ड’ व ‘ब’ दोन्ही राखून आहे. हा पक्ष सोडून द्यावा हे बरे.

महालवणाच्या बाजूने ‘ल’ आहे. स्वरमध्यस्थ एकेरी ‘ल’चाही ‘ळ’च होतो (फल–फळ), परंतु समासात उत्तरपदाच्या आरंभीचा ‘ल’ टिकू शकतो. ‘महा’तील हकार गळणेही अवघड नाही; मालवणीत ‘नाही’चे ‘नाय’ होतेच. खरी अडचण पुढे आहे. संस्कृत ‘लवण’ मराठीत ‘लोण’ होते. लोणचे, लोणारी हे शब्द त्याची साक्ष देतात. मग ‘मालोण’ का नाही? एक तर हे नाव विद्वज्जनांनी उशिरा घडविले असावे, नाही तर हे ‘लवण’ मिठाचे नव्हेच. ‘लवणे’ म्हणजे वाकणे. त्यावरून ‘लवण’ म्हणजे वळण, खोलगट जागा. खाडीकाठच्या सखल भूमीस हा अर्थ शोभतो, व मला तो अधिक ग्राह्य वाटतो. देशी शब्दास ‘महा’ जोडणे विजोड, हे मात्र मान्य केले पाहिजे.

इंग्रजी लेखनातील रूपे जपून वापरावीत. जुन्या नौकानयन-ग्रंथांतील ‘मेलुंडी’ हे समोरच्या सिंधुदुर्गाचे नाव होय. त्यातील ‘ंड’ मालवणातून निघत नाही. त्या बेटाचे मूळ नाव कुरटे. १६६४ मध्ये शिवछत्रपतींनी तेथे किल्ल्याचे काम आरंभिले. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेऊन ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव ठेवले; १७६६ मध्ये किल्ला परत गेला, नावही गेले. शहराचे नाव रोमन लिपीत उतरताना ‘ण’ व ‘न’, तसेच ‘ल’ व ‘ळ’ एक होतात; म्हणजे ज्या ध्वनींवर वाद उभा आहे तेच पुसले जातात. पूर्वी ‘माळवण’ असे रूप होते काय, हा प्रश्न मोडी कागदांनाच विचारला पाहिजे. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद राहत नाही, पण ‘ल’ आणि ‘ळ’ वेगळे राहतात.