रापी: हत्याराला जात कुणी चिकटवली?

हत्यारांचा इतिहास म्हटला की आपल्यासमोर तलवार, कट्यार आणि वाघनखं ठेवली जातात. ज्या वाकड्या पात्याने गावगाड्याची मोट, जोडा आणि बैलाचं सामान घडवलं, त्या रापीचा इतिहास शाळेत कुणी शिकवला नाही. अल्लीपूरच्या पोरांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

रापी म्हणजे चांभाराचं हत्यार. पातं रुंद आणि पसरट, धार पुढच्या कडेला आणि गोलाकार. सुरी आपण ओढून चालवतो, रापी दाबत पुढे ढकलतात. गोल धारेमुळे कातडं वळणावर फाटत नाही आणि त्याची कड तासून पातळ करता येते. जोड्याची शिवण पायाला टोचत नाही ती त्यामुळेच. हे ज्ञान आहे, पिढ्यान्‌पिढ्या हाताने कमावलेलं.

मग या ज्ञानाला मान का नाही? कारण कामाची वाटणी जातीने केली. मेलेलं ढोर ओढायचं महाराने, हिरडा आणि बाभळीची साल वापरून कातडं कमवायचं ढोराने, कापून शिवायचं चांभाराने. जोडा घालणारा शुद्ध आणि जोडा करणारा अशुद्ध! त्यावर कडी म्हणजे या तिघांनाही एकमेकांत उच्च-नीच मानायला शिकवलं. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये हेच दाखवून दिलं की जात कामं वाटत नाही, काम करणाऱ्या माणसांनाच वाटून टाकते.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला सांगितलं. पुढे आपल्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणंही सोडलं. तेव्हा 'केसरी'तून हिशेब मांडला गेला की कातडी, शिंगं सोडल्याने महारांचं किती नुकसान होतं. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही आठवण सांगितली. त्यांचा जबाब सरळ होता: एवढा फायदा असेल तर तुम्हीच हे काम करा. पैशापेक्षा इज्जत मोठी, हा त्याचा अर्थ.

आपल्या वर्धा जिल्ह्यात याच काळात दुसरा प्रयोग झाला. वर्ध्याजवळ नालवाडीला गांधीवाद्यांनी चर्मालय काढलं, गोपाळराव वाळुंजकरांनी ते चालवलं. सवर्ण माणसाने कातड्याला हात लावला, हे नाकारायचं कारण नाही. पण फरक पाहा. त्यांनी ते काम निवडलं होतं, ते कधीही सोडू शकत होते. आपल्या आजोबांना ते जन्माने चिकटलं होतं, आणि सोडलं तर गाव बहिष्कार घालत असे. ज्याला सोडता येतं त्याच्यासाठी ती सेवा होते, ज्याला सोडता येत नाही त्याच्यासाठी ती गुलामी असते.

हे जुनं झालं असं समजू नका. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात मारलं. काम तुम्हीच करा, आणि केलं तर मारही तुम्हीच खा! दुसरीकडे २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल मिलानच्या फॅशन शोमध्ये मिरवली, सुरुवातीला कोल्हापूरचं नावही न घेता. रापी चालली की कलेची किंमत दुसऱ्याला, विटाळ मात्र आपल्याला.

म्हणून दोन गोष्टी पक्क्या करू. ज्यांनी हे काम सोडलं त्यांनी बंड केलं, त्यात लाज कसली? आणि आजही रस्त्याच्या कडेला रापी घेऊन बसलेला चर्मकार बांधव आपल्याच लढ्यातला आहे. त्याला 'मोची' म्हणून हिणवणारा पोरगा निळा झेंडा खांद्यावर घेऊनही मनुवादच जगतो.

या १४ एप्रिलला भाषणांसोबत एक काम करा. गावातल्या म्हाताऱ्यांकडे जा, त्यांच्या हत्यारांची नावं आणि कामाच्या आठवणी लिहून घ्या. आपला इतिहास आपण लिहिला नाही, तर दुसरे त्यातून आपल्यालाच वगळतील.

जय भीम!